कागदाचंही साल बदलावं

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल सरतं. मालक आणि सालदार समोरासमोर बसतात, उचल वजा होते, पुढच्या सालाची बोली नव्यानं ठरते. गेल्या सालची बोली आपोआप पुढे चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्याच घरात, कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात, एक कागद मात्र वीस-वीस वर्षं तसाच पडून राहतो. त्याचं साल कुणी बदलत नाही. तो कागद म्हणजे मृत्युपत्र.

समजा, यावलकडचा एक केळीवाला शेतकरी आहे. 2004 मध्ये त्यानं मृत्युपत्र केलं: स्वकमाईची विहिरीवरची बागायत आणि जळगावचं घर पत्नीला. 2012 मध्ये घटस्फोट झाला, ती धुळ्याला माहेरी गेली. 2015 मध्ये त्यानं दुसरं लग्न केलं. नव्या पत्नीचा पदर धरून सहा वर्षांची मुलगी या घरात आली, पुढे एक मुलगाही झाला. मुलीला शाळेत सोडायला तोच जायचा. मग एका पहाटे छातीत कळ आली आणि तो गेला. तेराव्यानंतर डबा उघडला, तेव्हा 2004 चा माणूस बोलू लागला. त्याला ना घटस्फोट माहीत होता, ना ही पत्नी, ना ही मुलं.

घटस्फोटानं लग्न संपतं, मृत्युपत्र संपत नाही. आपल्या कायद्यात तसं कलमच नाही. इंग्लंडमध्ये लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र सहसा रद्द होतं, आणि घटस्फोटानंतर पूर्वीचा जोडीदार त्या कागदापुरता मृत मानला जातो. आपल्याकडेही पारशी आणि ख्रिस्ती माणसाचं मृत्युपत्र त्याच्या लग्नानं रद्द होतं. पण हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यासाठी 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा स्पष्ट सांगतो, की लग्नानं मृत्युपत्र रद्द होणार नाही. मुस्लिमांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू होतो. त्यानुसार वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता मृत्युपत्रानं देता येत नाही.

इथे धुळ्याची एक आठवण येते. विवाहसंस्था काळाबरोबर कशी बदलत आली याचा इतिहास लिहिणारे इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच 31 डिसेंबर 1926 ला गेले. दुसऱ्याच दिवशी, 1 जानेवारी 1927 पासून, मुंबईबाहेरच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही 1925 च्या त्या उत्तराधिकार कायद्याचे नियम लागू झाले. तोवर इथं तोंडी मृत्युपत्रही चालत असे. पुढे मुंबई प्रांतानं 1947 मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला, 1955 मध्ये तो देशभर आला. काडीमोड आणि पाट तर अनेक जातींत त्याच्याही आधीपासून होते. लग्न मोडण्याची आणि पुन्हा जुळण्याची वाट मोकळी झाली, पण मृत्युपत्राचा नियम लग्न एकदाच होतं असं धरून चालल्यासारखा जागीच राहिला.

त्याचा सगळ्यात मोठा फटका त्या सावत्र मुलीला बसतो. मृत्युपत्र नसतं, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आई, विधवा पत्नी आणि सगळी सख्खी मुलं, पहिल्या लग्नाची असोत वा दुसऱ्या, सारखी वारस झाली असती. सावत्र मुलगी त्या यादीत नाही. तिला काही मिळायचं तर दत्तकविधानानं किंवा मृत्युपत्रानंच. ज्यानं तिला बोट धरून चालवलं, त्यानं एक कागद बदलला नाही म्हणून ती परकी ठरते. दुसऱ्या पत्नीला निदान मालमत्ता घेणाऱ्याकडून पोटगी मागता येते. पण ज्या घरात चूल पेटवली, त्याच घरासाठी पोटगी मागत फिरणं हा काही न्याय नव्हे.

बाईनंही हा कागद करायला हवा. तिनं मृत्युपत्र केलं नाही, तर याच हिंदू उत्तराधिकार कायद्यानं तिची स्वकमाई आधी मुलांना आणि नवऱ्याला जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. पुनर्विवाहानंतर दोन वर्षांच्या सासरचा हक्क जन्मदात्या आईच्या पुढे उभा राहतो.

‘नॉमिनी आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून झालेला खटला पाहण्यासारखा आहे. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शेअर्सचा नॉमिनी केवळ त्या नोंदीमुळे मालक होत नाही; मालकी वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानंच ठरते.

उपाय अवघड नाही. साध्या कागदावर नवं मृत्युपत्र लिहावं. मुद्रांक लागत नाही. ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे वाक्य त्यात असावं. नुसतं ‘माझी पत्नी’ न लिहिता पूर्ण नाव लिहावं, सावत्र मुलांचंही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, त्यांच्याही सह्या घ्याव्यात. ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नसलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. वडिलोपार्जित जमिनीतला फक्त आपलाच हिस्सा देता येतो, हेही ध्यानात ठेवावं.

कायद्यानं हे काम आपण होऊन करावं, असं मला मनापासून वाटतं. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लागावीत म्हणून 2025 मध्ये राज्यानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. मग घटस्फोटाचा हुकूमनामा देतानाच ‘आपलं मृत्युपत्र तपासा’ एवढी एक ओळ न्यायालयानं दोघांना लेखी का देऊ नये? पण तोवर ही जबाबदारी आपली आहे. मृत्युपत्राचं नाव काढलं की मरण जवळ येतं, असं घरोघरी मानतात. खरं तर हा कागद जाणाऱ्यासाठी नसतोच, मागे राहणाऱ्यांसाठी असतो.

आखाजीला आपण पितरांची घागर भरतो, लेकी माहेरी येतात, सालदाराची बोली ठरते. त्याच दुपारी डबा उघडावा आणि कागद वाचावा. आज या घरात जेवायला बसलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात आहे का, एवढंच पाहावं. नसेल, तर साल बदलावं.