थंड हवेचे ऋण

वैशाखाचा उकाडा वाढला की माणसाला डोंगर आठवतो. शाळांना सुट्टी लागते, मोटारीच्या टपावर बोजे चढतात आणि घरची मंडळी पन्हाळा, पाचगणी, महाबळेश्वर अशी फेरी काढतात. यावरून एक प्रश्न पुष्कळ सज्जनांच्या मनात येतो. नुसत्या गारव्यासाठी केलेला प्रवास परमार्थाला धरून आहे काय? ज्या पायांनी वारी करायची त्याच पायांनी सहल करावी की करू नये? प्रश्न दिसतो लहान, पण आत शिरले म्हणजे त्याची खोली कळते.

पावसच्या ओटीवर मे महिन्यात असे बोलणे कानी पडते. मुंबईहून मोटार घेऊन आलेला पुतण्या म्हणतो, "काका, या वर्षी तुम्ही चलाच. आंबा घाटाने वर चढू. पन्हाळ्यास एक रात्र, कोल्हापुरात रंकाळा बघू, मग सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर. उतरताना आंबेनळी घाटाने पोलादपूर. आठ दिवसांत घरी." काका अडकित्ता खाली ठेवतात. "अरे, झाडावर आंबा आहे, विहीर तळाला गेलीय, आणि मी थंड हवा खायला जाऊ? स्वामींनी चाळीस वर्षं पावस सोडलं नाही. त्यांचं काय अडलं?" पुतण्या गप्प बसतो, पण त्याचे समाधान होत नाही. आणि होऊही नये, कारण हे उत्तर अर्धेच आहे.

स्वामी स्वरूपानंदांचा दाखला खरा. १९०३ साली पावसला जन्मलेले रामचंद्र विष्णू गोडबोले तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आले. १९३४ साली त्यांना मोठे दुखणे आले. पुढे १९७४ साली देह ठेवीपर्यंत ते पावसच्या एका घरातच राहिले, आणि 'अभंग ज्ञानेश्वरी' आपल्या हाती देऊन गेले. पण ज्याची धाव आतच पुरी झाली त्याचे बसणे वेगळे, आणि ज्याला नुसता उठायचा कंटाळा त्याचे बसणे वेगळे. संतांचे बसणे आपल्या आळसाला आधार म्हणून देऊ नये. शिवाय नामदेवराय तर पंजाबात घुमानपर्यंत गेले. आपला संप्रदायच मुळी चालणाऱ्यांचा. तेव्हा प्रवास हा दोष नव्हे, आणि दमल्या जिवाने विसावा घेणे हेही पाप नव्हे.

मग वारी आणि सहल यांत फरक कोणता? कोणी म्हणेल, वारीत देव आहे, सहलीत भोग आहे. हेही उत्तर घाईचे. वारकऱ्याला वाटेत कोणी भाकरी देतो, कोणी पाणी, कोणी ओसरी झाडून देतो. आपण दुसऱ्याच्या जिवावर चाललो आहोत हे त्याला पावलोपावली कळते, म्हणून तो समोरच्याच्या पायांवर डोके ठेवतो. वारीचे मर्म या ओळखीत आहे. ती ओळख सुटली तर मुखी नाम असूनही भागत नाही. पालखी पुढे गेल्यावर मागच्या गावाच्या वाट्याला घाण यायची, म्हणून अलीकडे वाटेवर फिरती शौचालये ठेवावी लागली, हे आपण विसरू नये. सहलीतला दोष सुखात नाही. पैसे मोजले म्हणजे आपण कोणाचे काही लागत नाही, या समजुतीत तो आहे.

आता त्या पुतण्याच्याच वाटेने जाऊन पाहू. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. वेण्णा तलावात होड्या चालतात, काठावर घोडी फिरतात. हा तलाव आयता मिळालेला नाही. १८४२ साली सातारच्या आप्पासाहेब महाराजांनी तो बांधविला. आज आपण जी कोवळी भाजी तिथे हौसेने घेतो, तिची लागवड कोणी शिकविली? एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने समुद्रापलीकडून आणून तिथे डांबलेल्या चिनी कैद्यांनी. ज्यांना घर पुन्हा दिसेल की नाही ठाऊक नव्हते, त्यांच्या हातचे वाफे आपल्या सहलीच्या कामी आले.

तिथून खाली तापोळ्यास उतरावे. समोर शिवसागर पसरलेला असतो. लोक त्याला कौतुकाने 'मिनी काश्मीर' म्हणतात. कोयनेचे धरण १९६० नंतरच्या वर्षांत पुरे झाले आणि शंभर टीएमसीहून अधिक पाणी या खोऱ्यात अडले. होडीवाला वल्हे मारतो, मुले पाण्यात हात घालतात. त्या पाण्याखाली शेते आहेत, घरांची जोती आहेत, देवळे आहेत. तिथली माणसे देव उचलून निघाली. कोणी ठाणे जिल्ह्यात गेली, कोणी सांगली-सोलापूरच्या माळावर. जमिनीच्या हक्कासाठी त्यांतल्या कित्येक कुटुंबांना पन्नास वर्षांनंतरही मोर्चे काढावे लागले. हे ठाऊक असूनही तळ्याचा गारवा अंगाला गारच लागतो. पण ठाऊक असणारा माणूस त्या पाण्यात रिकामी बाटली भिरकावीत नाही, आणि होडीवाल्याशी एका रुपयासाठी हुज्जत घालीत नाही.

यावर काका म्हणतील, "म्हणूनच मी जात नाही. कोणाचं ऋण नको." बरे तर, डोक्यावरच्या पंख्याचे काय? कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळीस उतरते, तिथे वीज होते, आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठीतून चिपळूणवरून समुद्राला मिळते. ती वीज साऱ्या राज्यात फिरते. बुडालेल्या घरांच्या मोबदल्यात ओटीवरचा वाराही आला आहे. आणि आंब्याच्या बागा राखतो कोण? पुष्कळ ठिकाणी नेपाळातून आलेले गडी. आपण थंड हवेसाठी डोंगरावर जातो, आणि हिमालयाच्या थंड हवेतला माणूस पोटासाठी कोकणच्या उकाड्यात रात्र जागतो. म्हणजे घरी बसलेला ऋणमुक्त आणि फिरणारा ऋणी, असा हिशेब नाही. दोघेही ऋणी आहेत. फिरणाऱ्याला निदान ते डोळ्यांनी पाहण्याची संधी मिळते, एवढाच त्याचा जास्त लाभ.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, विसावा अवश्य घ्यावा, पण उधारीचा आहे हे जाणून घ्यावा. यासाठी तीन गोष्टी सांभाळाव्यात. जिथे उतरू तिथले पाणी घरच्या आटलेल्या विहिरीचे समजून वापरावे. डोंगरावर धो धो पाऊस पडतो खरा, पण उतारावरच्या वाड्यांना वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट चुकत नाही. ज्याच्या हातचे खाऊ, ज्याच्या घोड्यावर बसू, त्याला त्याचे गाव विचारावे. माणूस गाव सांगू लागला की तो नुसता नोकर राहत नाही. आणि परत आल्यावर त्या सहलीतला एखादा तरी दिवस आपल्या गावाला द्यावा, विहिरीचा गाळ उपसायला, पऱ्ह्याला बांध घालायला किंवा बागेतल्या गड्याला एक दिवस सुट्टी द्यायला.

वारीला वारी म्हणतात ती जाण्या-येण्याच्या फेऱ्यामुळे. नुसते जाणे ही वारी नव्हे. परत येऊन घरच्या कामाला लागणे हाही तिचाच भाग आहे. सहलीलाही हीच कसोटी लावावी. परत आलेला माणूस गेलेल्यापेक्षा थोडा नम्र झाला असेल, तर त्याने खाल्लेली थंड हवा त्याला पचली असे खुशाल समजावे.