गळालेल्या रंगाची जागा

लालबागेत उतरलेल्या पाहुण्यास आम्ही बहुधा तापीकाठच्या शाही किल्ल्यातील हमामखाना दाखवावयास नेतो. तेथील छतावरची रंगीत नक्षी पुष्कळ ठिकाणी गळाली आहे. उरलेल्या एका तुकड्यात इमारतीची आकृती दिसते. तीवरूनच ताजमहाल सुचला, असे वाटाडे छातीठोकपणे सांगतात. मुमताजमहल १६३१ साली याच शहरी निवर्तली, हे खरे; परंतु तेथून या चित्राप्रत येणारा दुवा भिंतीवर नाही, ऐकणाऱ्याच्या मनात आहे. आम्हीही ती कथा रंगवून सांगितली आहे, हे कबूल केले पाहिजे.

रोमन घरांच्या उत्खननात रंगीत खड्यांची चित्रमय फरसबंदी अशीच अर्धीमुर्धी हाती येते. वेलबुट्टी वा चौकटी असल्या तर पुढचा भाग तर्काने कळतो. हरवलेला चेहरा मात्र कोणत्या तर्काने घडवावा? म्हणून जाणते लोक ती जागा पुष्कळदा साध्या चुन्याने भरून सोडतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ आहे. पाठ दिला, शंकाही छापली!

मग कसरीने खाल्लेले अक्षर पठणात अंदाजाने म्हणणे हे असत्य काय? आमचे तीर्थरूप म्हणताना ते भरतात, कारण पूजेत खंड नको. पोथी उतरून घेताना मात्र जागा मोकळी ठेवतात. हा भेद आम्हांस पटतो. हमामखान्यात आता आम्ही प्रथम गळालेल्या जागेकडे बोट दाखवितो. बरोबर लहान मुले असली म्हणजे तेवढे ताजमहालाची गोष्ट टाळणे जड जाते.