कुष्ठ आणि कर्म

डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीत कुष्ठरोग्यांसाठी तपोवन सुरू केले. महारोग हे गेल्या जन्मीच्या पापाचे फळ, हे तेव्हा वऱ्हाडात कुणाला शिकवावे लागत नव्हते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाला कोणती व्याधी याची यादीच आहे. गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याच्या वाट्याला त्यात त्वचारोग येतो.

ही समजूत एवढी टिकली कशी? एक उत्तर त्वचेतच सापडते.

नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठाचा जंतू कमालीचा संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. कानाची पाळी, नाक, बोटे अशा थंड जागा त्याला मानवतात. तिथल्या मज्जातंतूंना वेढून असलेल्या श्वान (Schwann) पेशींत तो मुक्काम करतो. लागण आणि पहिला चट्टा यांत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीससुद्धा. इतक्या काळानंतर कारण कुणाला दिसणार? ती रिकामी जागा पूर्वजन्माने भरून काढली.

खरे तर जंतू शरीरात शिरूनही बहुतेकांना रोग होत नाही. भक्षक पेशी आणि टी पेशी त्याला आवरतात. टी पेशींचा प्रतिकार दुबळा असेल, तर जंतू त्वचेत बेसुमार वाढतात, गाठी येतात. प्रतिकार जोरदार असेल, तर चट्टे मोजकेच उठतात, पण त्या झटापटीत शरीर स्वतःचीच नस दुखावून घेते. यात पापपुण्य मोजायचे कुठे? नस बधिर झाली की चुलीचा चटका कळत नाही, जखम चिघळते, बोटे झिजतात. लोकांनी पापाची खूण मानली ती हीच बोटे.

पांढऱ्या कोडाचा तर कुष्ठाशी संबंधही नाही. त्यात रंगपेशी नष्ट होतात, संवेदना शाबूत राहते आणि ते कुणाला लागत नाही. तरी त्यापायी सोयरिकी मोडतात.

जंतू निमित्तमात्र, मूळ कर्मच, असे कर्मवादी म्हणेल. हे खोडता येत नाही, कारण ते तपासताच येत नाही. पण ते खरे धरले तरी रोग्याला वेशीबाहेर काढण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेल्या गाडगेबाबांनी अंध, पंगू आणि महारोग्यांना पंगतीला बसवले, ते याच कर्म मानणाऱ्या समाजात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधांनी हा रोग सहा महिने ते वर्षभरात बरा होतो, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. हिंदू विवाह कायद्यात मात्र कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत कायम होते.