उतारशाळेचा रक्षक

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आपण कितीतरी उपदेश ऐकले आहेत. याजक व लेवी यांची कानउघाडणी होते, शोमरोन्याची स्तुती होते आणि आपण घरी परततो. त्या दाखल्यात आणखी एक मनुष्य आहे. शोमरोनी दुसऱ्याच दिवशी आपल्या वाटेने निघून गेला. त्यानंतर जखमा धुणे, पट्ट्या बदलणे, रात्रीचे कण्हणे ऐकणे हे सारे उतारशाळेच्या रक्षकाच्या वाट्यास आले असणार. त्याबद्दल त्याला दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, मिळाली. मूळ ग्रीकमध्ये त्याला ‘पान्दोखेउस’ म्हटले आहे. धात्वर्थाने ‘सर्वांना आत घेणारा’. नव्या करारात हा शब्द केवळ येथेच आढळतो. शोमरोन्याला कळवळा आला, असे लूक सांगतो. रक्षकाला काय वाटले, याविषयी तो काहीच सांगत नाही.

बेंगळुरूत व्हाइटफील्ड, सर्जापूर, देवनहळ्ळी या बाजूंना गेल्या काही वर्षांत ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. मुले परदेशी किंवा परगावी असतात. पैसे वेळेवर येतात. अशा मुलांना कृतघ्न ठरविण्याची घाई आपण करू नये. शोमरोनीसुद्धा पैसे देऊन पुढे गेलाच होता. परंतु अंघोळ घालणारे, भरविणारे, रात्री उशाशी बसणारे हात बहुधा दूर गावाहून आलेल्या एखाद्या तरुण मुलीचे असतात. तिला दोन गोष्टी एकाच वेळी शिकविल्या जातात : प्रेमाने वाग आणि जीव लावून घेऊ नकोस.

हे शक्य आहे काय? आणि शक्य असले तरी योग्य आहे काय?

आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातील परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्यावर व मनातही ठरावीक भावना आणणे हासुद्धा पगारी कामाचा भाग होतो, असे सांगून त्यांनी त्याला भावनिक श्रम म्हटले. विमानातील प्रवासी मात्र काही तासांत उतरून जातो. वृद्धाश्रमातील आजी तीन-चार वर्षे राहते आणि मग मरते.

भाषांतराच्या कामात ‘कळवळा’ या शब्दापाशी मी अनेकदा थांबलो आहे. त्यामागील ग्रीक क्रियापदाचे मूळ आतड्यांत आहे. आपणही आतडे तुटते असे म्हणतोच. आतडे हुकूम दिल्याने तुटत नाही, आणि हुकूम दिल्याने तुटायचे थांबतही नाही. म्हणून ‘जीव लावू नकोस’ हा उपदेश मला व्यवहार्य वाटत नाही. ज्या हाताने रोज वेणी घातली, तो हात परका राहत नाही. राहिलाच तर वेणी कशी घातली जाईल, हे आपण सर्व जाणतो.

याच शहरात होसूर रस्त्यावर लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या धर्मभगिनींचे वृद्धाश्रम १९०० सालापासून आहे. त्यांच्या संस्थापिका जान ज्यूगाँ यांनी १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात एका अंध वृद्धेला घरी आणले, आपला बिछाना तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपू लागल्या. या भगिनी पावित्र्य, दारिद्र्य व आज्ञापालन यांखेरीज आतिथ्याचे चौथे व्रत घेतात, आणि मरणासन्न माणसाला एकटे ठेवायचे नाही असा त्यांचा परिपाठ आहे. पुढे जानबाईंना अधिकारपदावरून दूर करण्यात आले. १८७९ साली त्या वारल्या, तेव्हा आपली संस्थापिका हीच, हे कित्येक तरुण भगिनींना ठाऊकही नव्हते. २००९ साली त्यांना संतपद मिळाले.

तथापि या भगिनींचे उदाहरण पगारी सेविकेपुढे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. (व्यासपीठावरून ते सर्रास ठेवले जाते.) भगिनी रडली तर तिच्याजवळ दुसरी भगिनी असते, प्रार्थनेची घंटा असते, मृताचे नाव घेण्याची वेळ ठरलेली असते. सेविकेजवळ काय असते? एका वसाहतीत झारखंडची एक मुलगी मला भेटली. स्मृतिभ्रंश झालेल्या एका मराठी आजींची ती देखभाल करी. इतर भाषा आजींच्या मनातून पुसल्या जाऊन केवळ मराठी उरली होती, म्हणून ही ‘पाणी’, ‘दुखतंय का’, ‘झोपा आता’ एवढे शिकली होती. आजी वारल्या, नातलग आले, देह घेऊन गेले. दुपारपर्यंत चादरी बदलल्या गेल्या आणि तिला शेजारची खोली मिळाली. स्मशानात येतेस का, असे तिला कोणी विचारले नाही. तिने मला एवढेच विचारले, “त्या रोज रात्री ‘सावकाश जा गं’ म्हणायच्या. म्हणजे काय?”

पगार मिळतो ना, असे कोणी म्हणेल. मिळतो, आणि तो वाढला पाहिजे हे तर आहेच. पण शोमरोनी रक्षकाला दोन दीनारांवर थांबवीत नाही. अधिक खर्च होईल हे तो आधीच गृहीत धरतो आणि परत येऊन तो भरून देण्याचे वचन देतो. दुःख हा त्या अधिक खर्चातला भाग आहे. तो सेविकेने एकटीने सोसायचा नसून नेमणाऱ्या संस्थेने व कुटुंबानेही उचलायचा आहे : अंत्यविधीला जाण्यापुरती पगारी रजा, नव्या खोलीपूर्वी एक दिवसाचा अवकाश, आणि देह न्यायला आलेल्या मुलाने तिच्याजवळ बसून शेवटच्या रात्री आई काय बोलली हे विचारणे. ते तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.