पेशीला लेबल लावताना

रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचून प्लाक तयार होतो. त्यावर तंतूंचं एक आवरण असतं. ते पातळ होऊन फाटलं की रक्ताची गुठळी होते आणि हार्ट अटॅक येऊ शकतो. मग यात दोषी पेशी कुठली?

आधी ऊतीचा अख्खा तुकडा घेऊन त्यातला आरएनए एकत्र मोजत. हाती यायची ती सरासरी. कंपनीचा सरासरी पगार ऐकून शिपायाच्या खिशात काय आहे ते कळत नाही, तसंच हे. 2009 मध्ये एका सुट्या पेशीतला आरएनए सिक्वेन्स करून दाखवला गेला. आज एका प्रयोगात हजारो पेशी वेगवेगळ्या वाचता येतात.

रक्तवाहिनीला आकुंचन देणाऱ्या स्नायुपेशी प्लाकमध्ये आपलं मूळ काम सोडतात, हे माहीत होतं. साहजिकच संशय त्यांच्यावर. पण 2019 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने उंदरांच्या आणि माणसांच्या धमन्यांमधल्या पेशी एकेक करून तपासल्या. त्यातल्या बऱ्याच स्नायुपेशी तंतू बनवणाऱ्या पेशींसारख्या झाल्या होत्या. उंदरांमध्ये टीसीएफ21 हे जनुक काढलं, तर आवरणात अशा पेशी कमी झाल्या. माणसांत हे जनुक जास्त सक्रिय असेल तर धोका कमी दिसला. म्हणजे ज्यांना आपण फितूर समजत होतो, त्यातल्या काही तटबंदी सांभाळत होत्या. त्यांना सरसकट रोखणारं औषध केलं असतं तर?

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पेशींचे गट अल्गोरिदम पाडतो, पण ते किती बारीक पाडायचे हा आकडा माणूस टाकतो. आकडा बदलला की त्याच डेटातून पाचाचे दहा प्रकार होतात. शिवाय वाचण्यासाठी सहसा पेशी फोडावी लागते. ती काल काय होती, उद्या काय झाली असती, हे आपण दुसऱ्या पेशींवरून जुळवतो. एका फोटोवरून चरित्र लिहावं तसं.

कुणी म्हणेल, लेबलाशिवाय औषध कसं बनणार? खरंय. नावं द्यावीच लागतात. पण अल्गोरिदम आपण कर्ज मागणाऱ्यांवर, नोकरीच्या अर्जांवरही चालवतो. तिथे ‘रिस्की’ हा शिक्का कुणी, कुठला आकडा टाकून, कुठल्या दिवशीच्या डेटावरून मारला, हे विचारायची सोय असते का? पेशीबद्दलचं मत संशोधक नवा डेटा आला की बदलतात. माणसाला निदान तेवढी सवलत मिळायला हवी.