तिकीट नसलेलं दार

पेणमध्ये गणपतीच्या डोळ्यांची आखणी कारखान्याच्या दारात उभं राहून पाहता येते. जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत तर चतुर्थीच्या कितीतरी महिने आधीपासून मूर्तींची रांग लागलेली असते. रोह्यात दसऱ्याच्या सुमारास ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते आणि ती गावभर फिरते. देव स्वतःच आळीत येतो म्हटल्यावर तिकीट लावणार कुणाला? तेव्हा शहराच्या मध्यभागी बाग असावी, तिथे चार शिल्पं असावीत, संध्याकाळी कुणी गावं-वाजवावं आणि आत जायला पैसे पडू नयेत, ही कल्पना या भागातल्या माणसाला परकी वाटण्याचं कारण नाही. ही बाग म्हणजे देवळाच्या आवाराचंच नागरी रूप, असं म्हणून मोकळं होता येईल. पण तसं म्हणण्यात घाई आहे.

पैसे न घेणं वेगळं आणि दार उघडं असणं वेगळं. हा फरक पेण-रोह्याच्या याच जिल्ह्याने, तो कुलाबा म्हणून ओळखला जात होता तेव्हा, साऱ्या देशाला दाखवला. महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्याला दाम कधीच पडत नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा निर्णयही घेतला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना आपल्या लोकांसह चालत जाऊन ते पाणी प्यावं लागलं. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. इथे धर्माने किंमत विचारली नाही, ओळख विचारली. आणि ओळख ही अशी किंमत आहे की ज्याच्याकडे ती नाही त्याला ती कमावूनही देता येत नाही. म्हणून बागेचं मोल मी तिच्या फुकटपणात मानत नाही. आत येणाऱ्याला ‘तू कोण?’ असं कुणी विचारत नाही, यात ते आहे. धार्मिक अर्थाने पवित्र म्हणावं असं काही नागरी जागेत असेल, तर ते हेच.

यावर परंपरेतूनच एक वजनदार आक्षेप येतो. कलेला अधिकारी रसिक लागतो. मूल रडतंय, भेळवाला ओरडतोय, अशा गर्दीत रागाचं काय होणार? आक्षेप खोटा नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात इंद्राच्या ध्वजोत्सवात पहिला प्रयोग होतो, आपला पराभव रंगलेला पाहून दैत्य चिडतात, विघ्नं प्रयोग बंद पाडतात, आणि मग विश्वकर्म्याला बंदिस्त नाट्यगृह बांधावं लागतं. म्हणजे भिंत आली ती संरक्षणासाठी. पण त्याच अध्यायात नाट्य हा पाचवा वेद सर्व वर्णांसाठी निर्माण झाल्याचं सांगितलं आहे, कारण पहिले चार सगळ्यांना ऐकण्याची मुभा नव्हती. शिवाय ब्रह्मदेव दैत्यांना हाकलून देत नाही, हे नाट्य तुमचंही आहे म्हणून समजूत घालतो. नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्तही सहृदय जन्माने ठरवत नाही. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचं मन आरशासारखं निर्मळ झालं, तो सहृदय. परिशीलन करायला आधी आत तर यायला हवं! अधिकार हा ऐकण्याचं फळ आहे, त्याला ऐकण्याची अट करून बसलो तर नवा रसिक येणार कुठून? मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९पासून प्रेक्षकांकडून पैसे न घेता भरतो, हे चांगलंच आहे. तरी तिथे कपडे आणि भाषा पाहून पाऊल अडखळणारी माणसं असतात. तिकीट काढून टाकलं की काम संपलं असं समजणाऱ्या आयोजकांनी त्या अडखळण्याकडे पाहावं.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: फुकटाची किंमत राहत नाही, बाकं मोडतात, शिल्पांवर नावं कोरली जातात. इथे रोह्यातच जन्मलेल्या (१९२०) पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा एक प्रयोग आठवावा. त्यांच्या स्वाध्याय परिवाराच्या वृक्षमंदिरांत आसपासच्या गावांतले लोक पाळीपाळीने येऊन झाडं सांभाळतात आणि त्या काळात पुजारी मानले जातात. तिथे जपणूक पैशातून आलेली नाही; हातांनी काम केलं म्हणून ती आली आहे. तिकिटाने येतो तो गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक फार तर तक्रार करतो. अर्थात नगरपालिकेच्या बागेला भक्तीचा आधार नाही, तो उसना आणूही नये. एका पंथाची श्रद्धा दारात उभी राहिली की ओळख विचारणं पुन्हा सुरू होतं. श्रमाची पाळी मात्र उचलता येईल. फक्त एक तपासायला हवं. आज ती बाग पगारावर झाडणारी माणसं, त्यांचं काम कुठल्या जातींच्या वाट्याला आलं हे आपल्याला पुरतं ठाऊक आहे, ती संध्याकाळी गाणं ऐकायला त्याच बाकावर येऊन बसतात की नाही.