डावीकडचं शून्य

‘कुणाचं कुणावाचून अडत नाही’ हे वाक्य आपल्याकडे दोनच प्रसंगी ऐकू येतं : निरोपसमारंभात आणि भांडणात. दोन्हीकडे ते सारखंच खोटं असतं. याचा पुरावा मला आमच्या एव्हरशाईन सिटीतच, शेजारच्या चिरंजीवांच्या कॉम्प्युटरवर मिळाला.

चिरंजीव सॉफ्टवेअरवाले. मोठा प्रोग्राम म्हणे एकसंध नसतो. त्याचे शेकडो तुकडे असतात, त्यांना मॉड्यूल म्हणायचं. मग त्यांचा नकाशा काढायचा. प्रत्येक मॉड्यूलला एक चौकट, आणि तिच्यातून बाण निघतो तो ज्याच्यावाचून तिचं अडतं त्या चौकटीकडे. बाणांची गर्दी अशी, की त्यापुढे सकाळी आठचा वसई रोडचा पूल बरा.

मी पडलो बी.कॉम. म्हटलं, ‘‘ही तर खतावणीच झाली! ज्याच्याकडे जास्त बाण येतात, तो मोठा साहेब, काय?’’

‘‘नाही काका, पुष्कळदा तो अगदी चिल्लर असतो.’’

आणि चिरंजीवांनी ‘लेफ्ट-पॅड’ची हकिगत सांगितली. अवघ्या ११ ओळींचा तुकडा. काम काय, तर आकड्याच्या किंवा मजकुराच्या डावीकडे शून्यं वा मोकळी जागा भरून त्याची लांबी ठरावीक करायची. मार्च २०१६ मध्ये त्याच्या कर्त्याचं एका नावावरून वाजलं आणि त्याने आपलं सारं सामान सार्वजनिक भांडारातून उचललं. झालं! जगभर हजारो प्रोग्राम जुळता जुळेनात. गंमत म्हणजे, अडलेल्यांपैकी अनेकांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी आणलेल्याने आणलेल्याने तो आणला होता. शेवटी काही तासांत तो तुकडा भांडारात परत ठेवावा लागला.

डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असं शाळेत शिकवतात. पण चेकचा सहा आकडी नंबर त्याच शून्यांनी पुरा होतो, हे कुठल्याही बँकवाल्याला विचारा.

त्या नकाशात दोन मॉड्यूल एकमेकांवाचून अडत असतील, तर तो दोष मानतात. एकाला हात लावला की दुसरं हलतं. आपण त्याला संसार म्हणतो. तेव्हा दुसऱ्यावर अवलंबून असणं ही काही लाजेची बाब नव्हे. लाजेची बाब आहे ती बाण न काढणं.

खतावणीत पैसा कुठे गेला ते दिसतं. नकाशात जीव कुठे अडकलाय ते दिसतं. ‘लेफ्ट-पॅड’ फुकट होता, म्हणून कुणाच्याच वहीत नव्हता. आमच्या सोसायटीत पहाटे पाण्याचा पंप सुरू करणारा वॉचमन आहे. सगळ्या बिऱ्हाडांचे बाण त्याच्या एका बोटाकडे जातात, आणि ताळेबंदात तो ‘किरकोळ खर्च’ या सदरात बसलेला आहे. त्याच्या पगारात शंभर रुपये वाढवायचे की नाही, यावर सभा दीड तास चालली. ‘कुणाचं कुणावाचून अडत नाही,’ असं एक सभासद तावातावाने म्हणाले.

सकाळी अंघोळ करूनच आले होते.